टोमॅटोच्या रानटी भावंडांचा माग काढणारा शास्त्रज्ञ : चार्ल्स रिक

नवी दिल्ली : भाजीबाजारात टोमॅटो निवडणारा ग्राहक फळाचा रंग पाहतो, दाबून त्याचा टणकपणा पाहतो आणि भाव विचारतो. त्या फळाच्या झाडाला मर रोग का झाला नाही, जमिनीतील सूत्रकृमींनी त्याची मुळे का पोखरली नाहीत, हे प्रश्न त्याच्या मनात येण्याचे कारण नसते. आजच्या बहुतेक सुधारित वाणांत हे गुण ज्या झाडांकडून आले, ती झाडे पेरू, इक्वेडोर आणि चिलीच्या उतारांवर, ओढ्यांच्या काठांवर आणि वाळवंटाच्या कडेला तणासारखी वाढतात. त्यांची फळे मनुक्याएवढी किंवा वाटाण्याएवढी असतात. अनेक जातींची फळे पिकली तरी हिरवीच राहतात, लव असलेली असतात आणि तोंडात घालण्याच्या लायकीची नसतात. या निरुपयोगी दिसणाऱ्या झाडांत टोमॅटोचे भवितव्य दडले आहे हे ओळखून त्यांची बियाणी गोळा करण्यात आणि त्यांचा अभ्यास करण्यात अमेरिकेतील वनस्पती आनुवंशिकीचे अभ्यासक चार्ल्स रिक यांनी सहा दशके घालवली. २००२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांनी जमवलेल्या बियाण्यांवर मात्र जगभरातील, आणि त्यात भारतातीलही, टोमॅटो संशोधन आजही उभे आहे.

रिक यांचा जन्म ३० एप्रिल १९१५ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील रेडिंग या गावी झाला. शाळकरी वयात ते परिसरातील सफरचंदांच्या बागांत काम करीत आणि रानावनात भटकत. पेनसिल्व्हेनिया स्टेट कॉलेजातून १९३७ मध्ये उद्यानविद्येची पदवी घेतल्यावर ते हार्वर्डला गेले. तेथे कार्ल सॅक्स यांच्या मार्गदर्शनाखाली क्ष-किरणांमुळे गुणसूत्रांत होणाऱ्या मोडतोडीवर त्यांनी काम केले आणि १९४० मध्ये डॉक्टरेट मिळवली. त्याच वर्षी ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील कृषी संकुलात रुजू झाले. त्यांची पुढची सगळी कारकीर्द तेथेच गेली. विवाह त्याआधीच, १९३८ मध्ये, मार्था ओव्हरहोल्ट्स यांच्याशी झाला होता. पुढे अँडीजच्या काही प्रवासांत मार्थाही बरोबर असत.

टोमॅटोकडे रिक वळले ते एका ज्येष्ठ सहकाऱ्याच्या सूचनेमुळे, आणि ती सूचना त्यांना आरंभी फारशी शहाणपणाची वाटली नव्हती. शेतात काही झाडे पानांनी दाट आणि अंगाने दांडगी वाढत, पण त्यांना फळे लागत नसत. आपल्याकडचा शेतकरी अशा झाडाला माजलेले झाड म्हणतो, तर कॅलिफोर्नियातले शेतकरी त्यांना वळू म्हणत. ही झाडे वांझ का राहतात ते पाहा, असे सहकाऱ्याने सुचवले होते. रिक यांनी अखेर तोडणीच्या काळात शेते पालथी घालून अशी झाडे उपटून आणली. सूक्ष्मदर्शकाखाली पाहता त्यांत खजिनाच सापडला. काही झाडांत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच होते, तर काहींमध्ये परागकण तयार करण्याची क्षमताच नष्ट झालेली होती. परागकण नसलेल्या झाडाला मादी म्हणून वापरून संकर करणे सोपे जाते, कारण फुलातले पुंकेसर चिमट्याने काढून टाकण्याचे किचकट काम वाचते. बियाणे उद्योगासाठी या गोष्टीचे मोल मोठे होते. रिक यांच्यासाठी मात्र ती सुरुवात होती. टोमॅटोला गुणसूत्रांच्या केवळ १२ जोड्या असतात, त्याचे फूल हाताळायला सोपे असते, एका फळात भरपूर बिया मिळतात आणि वर्षात एकापेक्षा जास्त पिढ्या घेता येतात. आनुवंशिकीच्या प्रयोगांसाठी यापेक्षा सोयीचे अन्नपीक शोधून सापडले नसते.

पण एक अडचण लवकरच पुढे आली. लागवडीखालील टोमॅटोच्या वाणांमध्ये रंग आणि आकाराचे वैविध्य डोळ्यांना पुष्कळ दिसे, परंतु आतून ते सगळे जवळजवळ एकाच घरातले होते. याचे कारण टोमॅटोच्या प्रवासात आहे. मूळ दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची ही वनस्पती मेक्सिकोत माणसाळली, सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर युरोपात गेली आणि तेथून फिरून उत्तर अमेरिकेत परतली. प्रत्येक मुक्कामावर मूठभर बियाणेच पुढे गेले. शिवाय लागवडीचा टोमॅटो स्वतःच्याच परागकणांनी फळ धरतो. म्हणजे बाहेरचे रक्त येण्याची वाट बंद. पुढील काळातल्या अंदाजांनुसार वन्य जातींत जेवढे आनुवंशिक वैविध्य आहे त्याच्या पाच टक्क्यांहूनही कमी लागवडीच्या टोमॅटोत उरले आहे. अशा पिकावर एखादा नवा रोग आला, तर त्याला तोंड देणारे झाड शेतात सापडण्याची शक्यता नगण्य असते.

येथे नावांविषयी थोडे सांगायला हवे. विदर्भात टोमॅटोला भेदरे म्हणतात, तर बंगालमध्ये त्याचे जुने नाव विलायती वांगे अशा अर्थाचे आहे. वांग्याशी असलेले हे नाते लोकांच्या जिभेने अचूक हेरले होते. लिनियसने १७५३ मध्ये टोमॅटोला वांगी आणि बटाट्याच्याच प्रजातीत, म्हणजे सोलॅनममध्ये, ठेवले. नंतर त्याला वेगळी लायकोपर्सिकॉन ही प्रजाती मिळाली आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस रेण्वीय पुरावे पाहून शास्त्रज्ञांनी त्याला पुन्हा सोलॅनममध्ये आणून बसवले. रिक यांच्या बहुतेक लेखनात जुनीच नावे आढळतात, त्यामुळे आजच्या विद्यार्थ्याला एकाच झाडाच्या दोन नावांशी झगडावे लागते.

वन्य जातींचा उपयोग करण्याची कल्पना रिक यांची एकट्याची नव्हती. पिकांच्या मूळ प्रदेशांत जाऊन वैविध्य गोळा करावे, हा विचार रशियाचे निकोलाय वाव्हिलोव्ह यांनी १९२० च्या दशकातच मांडला होता. आपल्याकडे कोइमतूरला उसाचा संकर रानटी कांस गवताशी करून तयार केलेला 'को २०५' हा वाण १९१८ मध्येच शेतात गेला होता. टोमॅटोमध्येही मर रोगाविरुद्धचे जनुक मनुक्याएवढ्या लाल फळांच्या वन्य टोमॅटोतून १९४० च्या सुमारास मिळाले होते. डेव्हिसलाच पॉल स्मिथ यांनी १९४४ मध्ये एक अवघड संकर साधला. पेरूमधील एका वन्य जातीत सूत्रकृमींना दाद न देण्याचा गुण होता, पण लागवडीच्या टोमॅटोशी तिचा संकर केला की फळातले भ्रूण अर्धवट वाढून मरून जात. स्मिथ यांनी कोवळे भ्रूण फळातून काढून काचेच्या नळीत पोषक द्रव्यावर वाढवले. त्यातून हाती आलेल्या एकाच रोपापासून सूत्रकृमी-प्रतिकारक टोमॅटोंचा सारा वंश पुढे वाढला.

रिक यांचे वेगळेपण असे की त्यांनी एखाद्या रोगावरचा इलाज शोधण्यासाठी वन्य टोमॅटोंकडे पाहिले नाही. ही झाडे कुठे राहतात, कशी जगतात, त्यांच्या फुलांवर कोणत्या माशा येतात, एका दरीतले झाड शेजारच्या दरीतल्या झाडापेक्षा वेगळे का, हे सगळे त्यांना जाणून घ्यायचे होते. १९४८ मध्ये ते प्रथम पेरूला गेले. त्यानंतर चार दशकांहून अधिक काळ ते पुन्हा पुन्हा अँडीजच्या देशांत जात राहिले. दाढी आणि डोक्यावरची कापडी टोपी ही त्यांची ओळखच होऊन बसली होती. रस्ते कच्चे, नकाशे अपुरे, आणि शोधायचे काय तर कुंपणाकडेला उगवलेले तण! झाड सापडले की ठिकाण, उंची, आसपासची झाडी, फुलाची मापे यांची नोंद होई, फळे पिळून बिया वाळवल्या जात आणि प्रत्येक नमुन्याला क्रमांक मिळे. लायकोपर्सिकॉन आणि अॅक्सेशन या दोन शब्दांच्या आद्याक्षरांवरून आलेली 'एलए' ही खूण आणि पुढे आकडा, ही पद्धत आजही टोमॅटोच्या जगात घरोघरच्या पत्त्यासारखी चालते.

या झाडांचे राहणे पाहिले की त्यांच्यातील गुणांचे मूळ कळते. पेरूच्या किनाऱ्यावर वर्षानुवर्षे पाऊस पडत नाही, नुसते समुद्रावरचे धुके येते. तेथे सोलॅनम पेनेली ही जात जवळजवळ कोरड्या जमिनीत हिरवी राहते. सोलॅनम चिलेन्स अटाकामाच्या वाळवंटात खोल मुळांवर तग धरते. सोलॅनम हॅब्रोकाइटिस तीन हजार मीटरहून अधिक उंचीवर थंडी सोसते, आणि तिच्या पानांवरची चिकट लव किडींना बसू देत नाही. ज्या झाडाने हजारो वर्षे दुष्काळ, क्षार, थंडी आणि कीड यांच्याशी झुंज दिली, त्याच्याकडे द्यायला काहीतरी असणारच, हा रिक यांचा हिशेब होता. फळाच्या रूपावरून झाडाची किंमत ठरवू नये, हेही त्यातच आले.

रिक यांच्या संशोधनातील सर्वाधिक सांगितली जाणारी हकिगत गालापागोस बेटांची आहे. चार्ल्स डार्विनने १८३५ मध्ये तेथून टोमॅटोचे नमुने आणले होते. या बेटांवरील टोमॅटोच्या बिया रिक यांनी डेव्हिसला पेरल्या तेव्हा त्या उगवेनात. बीचे कवच इतके टणक की ओलावा आत जात नसे. मग निसर्गात या बिया उगवतात कशा, असा प्रश्न आला. एखाद्या प्राण्याच्या पोटातून गेल्यावरच कवच मऊ होत असेल, असा तर्क रिक यांनी केला आणि वेगवेगळ्या प्राण्यांवर तो तपासून पाहिला. यश आले नाही. उरले होते त्या बेटांवरचे महाकाय कासव. सॅन फ्रान्सिस्को येथील प्राणिशास्त्रज्ञ रॉबर्ट बोमन यांच्याकडे गालापागोसची कासवे होती. रिक यांनी बिया त्यांच्याकडे पाठवल्या, कासवांना त्या खाऊ घातल्या गेल्या आणि नंतर त्यांची विष्ठा डेव्हिसला येऊ लागली. कासवाचे पचन संथ, त्यामुळे बिया बाहेर पडायला आठवड्यांचा काळ लागे. पण त्या बिया उगवल्या. कासव तेवढ्या दिवसांत बरेच अंतर चालून जाते, म्हणजे बियांचा प्रसारही तेच करते, असा दुहेरी निष्कर्ष रिक आणि बोमन यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केला. आज प्रयोगशाळांत कासवाची गरज पडत नाही. कपडे शुभ्र करण्याचे विरंजक द्रावण पाण्यात निम्म्याने मिसळून त्यात बिया अर्धा तास ठेवल्या की कवच झिजते.

ही हकिगत मनोरंजक असली तरी गालापागोसच्या टोमॅटोने दिलेली खरी देणगी वेगळी आहे. टोमॅटोच्या देठावर मध्येच एक गाठ असते. फळ तोडले की ते त्या गाठीवर तुटते आणि देठाचा तुकडा फळाला चिकटून राहतो. हाताने तोडणी होत होती तोवर त्याचे काही वाटत नव्हते. यंत्राने तोडणी करून फळे मोठ्या गाड्यांत ओतायची म्हटली, की हेच तुकडे शेजारच्या फळांत खिळ्यासारखे घुसतात. गालापागोसच्या एका नमुन्यात रिक यांना देठावर गाठच नसण्याचा गुण सापडला आणि १९५६ मध्ये त्यांनी त्याची नोंद प्रसिद्ध केली. या जनुकामुळे फळ देठाशिवाय सुटून येते. सॉस आणि केचपच्या कारखान्यांसाठी पिकवल्या जाणाऱ्या पुढच्या अनेक वाणांत ते घालण्यात आले. काम सोपे नव्हते. काही वाणांत हे जनुक आले की फुलोऱ्याला नको तितक्या फांद्या फुटत आणि फळधारणा घटे. लागवडीच्या टोमॅटोत आधीपासून असलेल्या दुसऱ्या एका जनुकाशी त्याचे पटत नाही, हे कोडे पूर्णपणे उलगडले ते २०१७ मध्ये.

यंत्राने तोडणीच्या या प्रकरणाला दुसरी बाजू आहे आणि ती वगळून रिक यांची गोष्ट सांगणे योग्य होणार नाही. मेक्सिकन मजुरांना हंगामापुरते आणण्याची अमेरिकेतील सरकारी योजना १९६४ मध्ये संपली. डेव्हिसलाच जॅक हॅना यांनी यंत्राच्या तोडणीला टिकणारा टणक टोमॅटो आणि कोबी लॉरेन्झन यांनी तोडणीचे यंत्र तयार केले होते. पुढच्या काही वर्षांत कॅलिफोर्नियातील प्रक्रियेचा जवळजवळ सारा टोमॅटो यंत्राने तोडला जाऊ लागला. १९६० च्या दशकाच्या आरंभी तेथे सुमारे ४,००० टोमॅटो उत्पादक होते, ते १९७३ पर्यंत सुमारे ६०० वर आले. १९७० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत सुमारे ३२,००० रोजगार गेल्याचा अंदाज होता. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या विद्यापीठाने मोठ्या बागायतदारांच्या सोयीचे संशोधन केले, असा आक्षेप घेऊन मजुरांच्या बाजूने १९७९ मध्ये विद्यापीठाविरुद्ध खटलाही भरला गेला. यंत्र रिक यांनी बनवले नव्हते आणि तो टणक टोमॅटोही त्यांचा नव्हता. तरीही बेटावरच्या एका तणातला गुण कारखान्यापर्यंत पोहोचतो तेव्हा वाटेत कोणाचे काय जाते, हा प्रश्न बियाण्याच्या पाकिटातच बांधलेला असतो.

रिक यांच्या चिकाटीचा उत्तम नमुना म्हणजे गोडीचा प्रयोग. १९६२ च्या डिसेंबरात विस्कॉन्सिन विद्यापीठाचे ह्यू इल्टिस आणि डोनाल्ड युजेंट हे रानटी बटाट्यांच्या शोधात पेरूच्या अपुरिमाक भागात फिरत होते. वाटेत त्यांना चिकट, कुरूप दिसणाऱ्या टोमॅटोची झाडे दिसली. त्यांनी थोडी फळे घेतली आणि बिया रिक यांच्याकडे पाठवून दिल्या. फळ हिरवट पांढरे, जेमतेम बोराएवढे. पण तपासणीत त्यातील साखर आणि अन्य विद्राव्य घटकांचे प्रमाण लागवडीच्या टोमॅटोच्या दुप्पट भरले. रिक यांनी त्याचा संकर लागवडीच्या वाणाशी केला, आलेल्या पिढीचा संकर पुन्हा त्याच वाणाशी केला, आणि प्रत्येक पिढीत फळ मोठे व लाल असूनही गोडी टिकलेली झाडे निवडत गेले. अनेक पिढ्यांनंतर, १९७४ मध्ये, त्यांनी निष्कर्ष जाहीर केला. मोठ्या लाल फळातील विद्राव्य घटक सुमारे ५ टक्क्यांवरून ७ टक्क्यांपर्यंत गेले होते. आकड्यांत ही वाढ किरकोळ दिसते. पण केचप करणे म्हणजे टोमॅटोच्या रसातील पाणी आटवणे. पाणी कमी तेवढे इंधन कमी आणि एका टनामागे पल्प जास्त. या बियाण्याचे मोल वर्षाला ८० लाख डॉलर असल्याचा हिशेब इल्टिस यांनी पुढे मांडला. रिक आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये या झाडाची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आणि पोलंडचे टोमॅटो अभ्यासक तादेउश ख्मिएलेव्स्की यांचे नाव तिला दिले.

क्षारांबाबतचा अनुभव मात्र वेगळा ठरला. गालापागोसच्या इसाबेला बेटावर भरतीच्या रेषेपासून अवघ्या काही मीटरवर टोमॅटोची झाडे वाढत होती. त्यांच्यावर डेव्हिसच्या रश आणि एपस्टाइन यांनी १९७६ मध्ये प्रयोग केले. समुद्राच्या पाण्याइतक्या खारट पाण्यातही ती जगली, तर लागवडीचा वाण त्याच्या निम्म्या खारटपणातच मेला. खारवट जमिनीवर टोमॅटो पिकण्याची आशा तेव्हा बळावली. मात्र क्षार सोसण्याचा गुण एका जनुकावर बेतलेला नसून अनेक जनुकांत विखुरलेला असतो, आणि ते सगळे एकत्र आणताना फळाचा आकार लहान होत जातो. देठाच्या गाठीइतके हे काम सुटसुटीत ठरले नाही. वन्य जातींचा उपयोग हा मागितले ते देणारा कल्पवृक्ष नव्हे, हे रिक यांच्या कारकिर्दीतूनही दिसते. लागवडीच्या टोमॅटोचा सोलॅनम लायकोपर्सिकॉइडिस या दूरच्या नातेवाईकाशी त्यांनी साधलेला संकर १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला, पण ती झाडे वांझ होती. त्या जातीचे गुणसूत्रांचे तुकडे टोमॅटोत व्यवस्थित आणण्याचे काम त्यांच्या वारसदारांना कित्येक दशकांनी पूर्ण करता आले.

रिक यांनी जिथे हात घातला तिथे इतरांसाठी साधने तयार झाली. १९५१ मध्ये त्यांच्या पुढाकाराने टोमॅटो अभ्यासकांचा एक सहकारी गट स्थापन झाला आणि आपापले अपूर्ण निष्कर्ष व बियाणे एकमेकांना देण्याची रीत पडली. सूत्रकृमी-प्रतिकारक जनुकाच्या अगदी शेजारी एक विशिष्ट विकर तयार करणारे जनुक बसलेले आहे, हे त्यांनी जॉन फोब्स यांच्यासह १९७४ मध्ये दाखवले. त्यापूर्वी झाड प्रतिकारक आहे की नाही हे पाहायला ते कृमींनी भरलेल्या मातीत लावून मुळांवर गाठी येतात का, याची वाट पाहावी लागे. आता रोपाच्या छोट्या तुकड्याची चाचणी पुरे होऊ लागली. आज जनुकीय खुणांच्या आधारे वाण निवडण्याची जी पद्धत सर्वत्र रूढ आहे, तिच्या पहिल्या व्यावहारिक उदाहरणांत याची गणना होते. डेव्हिसला रिक यांच्याकडे घडलेले स्टीव्हन टँक्सली यांनी पुढे टोमॅटोच्या जनुकीय नकाशाचे काम फार वरच्या पातळीला नेले.

भारतीय वाचकाच्या दृष्टीने रिक यांच्या प्रयोगशाळेतील सर्वांत महत्त्वाचे नाव गुरदेव सिंग खुश यांचे आहे. पंजाबातील जालंधर जिल्ह्यातल्या रुडकी गावचे खुश यांनी १९६० मध्ये डेव्हिसला डॉक्टरेट मिळवली आणि त्यानंतरची सात वर्षे रिक यांच्याबरोबर टोमॅटोच्या गुणसूत्रांवर काम केले. कोणते जनुक कोणत्या गुणसूत्रावर आणि त्याच्या कोणत्या भागात आहे, हे ठरवण्यासाठी एक गुणसूत्र जादा असलेल्या झाडांची जी मालिका रिक यांच्याकडे तयार झाली, तिच्यात खुश यांचा वाटा मोठा होता. १९६७ मध्ये ते फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत गेले. १९७० च्या दशकात आशियातील भातावर ग्रासी स्टंट हा विषाणूजन्य रोग आला तेव्हा हजारो नमुने तपासले गेले आणि प्रतिकार सापडला तो उत्तर प्रदेशातील ओरायझा निवारा या रानटी भाताच्या एका नमुन्यात. खुश यांनी तो गुण लागवडीच्या भातात आणला. १९७६ मधील 'आयआर ३६' या वाणात तो होता, आणि हा वाण एके काळी जगात सर्वाधिक क्षेत्रावर घेतला जाणारा भात होता. भाताचा हा धडा टोमॅटोच्या वर्गात गिरवला गेला होता, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे ठरू नये.

टोमॅटोच्या बाबतीतही भारताचा वन्य जातींशी थेट संबंध आहे. पांढऱ्या माशीमुळे पसरणारा, पाने मुरडून झाड खुजे करणारा विषाणूजन्य रोग हे देशातील टोमॅटो शेतीचे मोठे दुखणे आहे. नारायणगावपासून कोलारपर्यंतच्या शेतकऱ्यांना त्याची ओळख करून देण्याची गरज नाही. हरियाणातील हिसारच्या कृषी विद्यापीठात गौतम कल्लू आणि एम. के. बॅनर्जी यांनी लव असलेल्या वन्य टोमॅटोतून या रोगाचा प्रतिकार लागवडीच्या टोमॅटोत आणला आणि १९९० मध्ये तो निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्यातून आलेल्या 'एच २४' या वाणातील जनुक पुढे 'टीवाय २' या नावाने जगभर ओळखले गेले. 'टीवाय १' हे त्याचे दुसरे भावंड सोलॅनम चिलेन्सच्या 'एलए १९६९' या नमुन्यातून आले. क्रमांकावरून त्याचे घर कोणते हे कळतेच.

असे बियाणे गोळा करणे आता रिक यांच्या काळाइतके सोपे राहिलेले नाही. रिक यांनी पूर्वी पाहिलेल्या जागी परत गेल्यावर तेथील झाडे नाहीशी झाल्याचे अनेकदा अनुभवले. दऱ्यांत शेती आणि वस्ती वाढली, डोंगरांवर शेळ्या चरल्या. गालापागोसवर बाहेरून आलेल्या टोमॅटोच्या जातींनी मूळ जातींच्या जागेत शिरकाव केला. अशा ठिकाणची काही झाडे आता डेव्हिसच्या शीतगृहातील पाकिटांतच आहेत. दुसरी अडचण कायद्याची. १९९३ च्या अखेरीस जैवविविधता करार अमलात आला आणि वनस्पतींवरचा हक्क ज्या त्या देशाचा ठरला. भारताने २००२ मध्ये त्यानुसार स्वतःचा कायदा केला. त्यापूर्वी परदेशी अभ्यासक बिया पिशवीत घालून नेत आणि कोणाचा त्यावर आक्षेप नसे. पेरू आणि इक्वेडोर यांच्या रानातून गेलेल्या बियाण्यावर श्रीमंत देशांतील उद्योगाने पैसा कमावला आणि त्या देशांच्या पदरात फारसे पडले नाही, ही तक्रार रास्त आहे. पण बंदोबस्ताचा परिणाम असाही झाला की वन्य टोमॅटोंचे नवे संकलन मंदावले. अन्नपिकांच्या बियाण्यांची देवाणघेवाण सुलभ करणारा आंतरराष्ट्रीय करार आहे, परंतु त्याच्या यादीत टोमॅटोचा समावेशच नाही. रिक यांनी जमवलेला संग्रह संशोधकांना मागणीनुसार विनामूल्य पाठवला जातो, हा त्यातल्या त्यात दिलासा.

या संग्रहासाठी डेव्हिसला १९७० च्या दशकात स्वतंत्र केंद्र उभे राहिले आणि १९९० मध्ये त्याला रिक यांचे नाव देण्यात आले. वन्य जातींचे हजारांहून अधिक नमुने तेथे आहेत. काम वरवर साधे वाटले तरी तसे नाही. शीतगृहातही बी कायम जिवंत राहत नाही, ठरावीक वर्षांनी ते पेरून नवे बी घ्यावे लागते. काही वन्य जाती स्वतःचे परागकण स्वीकारत नाहीत, त्यामुळे एका नमुन्याची अनेक झाडे लावून हाताने परागीकरण करावे लागते, नाहीतर त्यातील वैविध्य पिढीगणिक झिजत जाते.

रिक १९६७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवडले गेले. १९८५ मध्ये निवृत्त झाल्यावरही शेतात आणि काचगृहात त्यांचे जाणे सुरूच होते. त्यांचे पुत्र जॉन रिक पुरातत्त्वज्ञ झाले आणि पेरूतील चाव्हिन दे हुआंतार येथील प्राचीन मंदिरांच्या उत्खननात त्यांनी आयुष्यातील मोठा काळ घालवला. ५ मे २००२ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी, चार्ल्स रिक यांचे डेव्हिस येथे निधन झाले.

त्यानंतर दहा वर्षांनी, २०१२ मध्ये, टोमॅटोचा संपूर्ण जनुकीय आराखडा अनेक देशांच्या गटाने प्रसिद्ध केला. त्यातील पाचव्या गुणसूत्राची जबाबदारी भारताकडे होती आणि दिल्लीतील संस्थांनी ते काम पार पाडले. त्याच शोधनिबंधात तुलनेसाठी मनुक्याएवढ्या फळांच्या वन्य टोमॅटोचाही प्राथमिक आराखडा देण्यात आला होता. त्यासाठी वापरलेल्या झाडाचा क्रमांक होता 'एलए १५८९'.